शिवेबाहेरचं पान

मुलुंडच्या आमच्या चाळीत कोजागिरीचं दूध दर वर्षी अण्णांच्या घरी आटतं. अण्णा म्हणजे श्यामसुंदर पालव, आमच्या शेजारच्या खोलीतले. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, संपानंतर घरीच असतात. एकोणनव्वद सालच्या कोजागिरीला संध्याकाळी मी वेलदोडे कुटून त्यांच्याकडे गेले, तेव्हा शेवंतीवहिनी दूध ढवळत होत्या. त्यांच्या नणंदेची मुलगी अनू सुट्टीला आली होती. पाच वर्षांची पोर, भिंतीला लावलेल्या पाटावर बसून दहीभात खात होती.

"हिला बाहेर आमच्या मुलांत बसवा ना जेवायला," मी म्हटलं.

"नाही बसत गो. जागा बदलली की उपाशी उठते. हाच पाट आणि हाच कोपरा लागतो."

कोपऱ्यात देवीच्या चित्राचं कॅलेंडर लावलेलं होतं, पण फार खाली. बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागेल इतकं. मी बघतेय असं पाहून वहिनी म्हणाल्या, "पोरीला चित्र दिसावं म्हणून."

अनूनं घास चावता चावता डोकं मागे टेकलं, नेमकं त्या कॅलेंडरावर.

"डोकं टेकू नको तिथं!" वहिनी ओरडल्या. पोर दचकली. मीही दचकले, कारण वहिनींचा आवाज कधी चढत नाही.

रात्री आम्ही सगळे गच्चीवर जमलो. दूध पातेल्यातून पेल्यांत आलं, चंद्र वर आला, गाणी झाली, भेंड्या झाल्या. लहान मुलं पेंगायला लागली तशी त्यांना खाली नेऊन झोपवलं. मग आमच्या विद्याधरनं, तो कॉलेजात आहे, अण्णांना धरलं. "अण्णा, भुताची गोष्ट सांगा ना. पण खरी हां. फेकाफेकी नको."

"आणि आम्ही घाबरणार नाही," तळमजल्यावरची रतन म्हणाली.

अण्णांनी पेला बाजूला ठेवला. "घाबरू नकाच. ही भीतीची गोष्ट नाही. किळस येईल. म्हणून सांगतो, दूध आधी पिऊन घ्या."

मुलं हसली. कुणी प्यायलं नाही.

अण्णांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

*

आमच्या दत्ताराम भावोजींना तुम्ही बघितलंय. अनूचे वडील. माझी धाकटी बहीण नलिनी, तिचे यजमान. गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओत सुतार आहेत. घरं बांधायची आणि पाडायची, हा त्यांचा धंदा. पुढून बघावं तर राजवाडा, मागून नुसते टेकू. शूटिंग संपलं की पहार घालायची.

एका सिनेमासाठी त्यांनी बर्फातलं घर केलं होतं. सबंध ओंडक्यांचं. ओंडका सोलायचा, आडवा ठेवायचा, त्यावर दुसरा, कोपऱ्यात खाचा मारून एकमेकांत अडकवायचे. झाली भिंत. वीट नाही, माती नाही. अर्थात तेही खोटंच होतं, प्लायवूडवर साल डकवलेली. पण ते घर या माणसाच्या डोक्यात बसलं. मला म्हणाले, "अण्णा, येक घर तरी असा बांधतलंय, जेका मागसून टेकू नसतलो."

हस, विद्या, हस. पण आयुष्यभर खोटी घरं बांधणाऱ्याला एक खरं बांधावंसं वाटणारच ना?

आणि कारणही तसं होतं. नलीला लग्नानंतर बारा वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, लोकांची बोलणी खाऊन झाली. चौऱ्याऐंशीच्या गणपतीनंतर अनू झाली. नली बाळंतपणाला इथं माझ्याकडे होती. भावोजी आले, पोरीकडे बघितलं आणि म्हणाले, "हिका पयलो घास आमच्या घरात. भाड्याच्या खोलीत नाय."

जागा होती. बोरिवलीला पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या दादूमामाची. म्हातारा म्हणाला, साफ कर आणि राहा. पण साफ कर म्हणजे काय! भर दुपारी आत अंधार. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, माणसाच्या मनगटाएवढे वेल, आणि त्यांच्यामधून ऐन नि किंजळ सरळ वर गेलेले. जागा कुठून कुठपर्यंत, ते दिसायला मार्गच नाही. दादूमामा रस्त्यावरूनच हात करून सांगायचा, "त्या वाकड्या कुंभ्याच्या झाडापर्यंत आपलं. कुंभ्याच्या पलीकडे आपलं नाही."

आता नीट ऐका. आमच्या गावी कोकणात जमिनीला हत्यार लावायच्या आधी दोन पानं वाढतात. एक शिवेच्या आत, राखणदाराचं. त्याच्या पानावर सगळं चांगलं. वडे, सागोती, भात. त्याला सांगायचं, खा आणि राख. दुसरं पान शिवेच्या बाहेर. ते कुणाचं, हे बोलत नाहीत. जे असेच फिरत असतात, भुकेले, ज्यांना कुणी वाढत नाही, त्यांचं. त्या पानावर काय? कोंबड्याची मुंडी. पाय. आतडी. करपलेला भात. त्यांना सांगायचं, खा आणि आपल्या वाटेनं जा. एकदा शिवेबाहेर जेवला की तो शिवेच्या आत येत नाही. तो करारच असतो.

गावी हे गाऱ्हाणं, म्हणजे ही विनवणी, मानकरी गावकर घालतो. इथं बोरिवलीत कुठून आणायचा गावकर? भावोजींनी एकट्यानंच घातलं. जाळ्यांतून वाट काढत गेले, आतल्या पानाची जागा केली. मग पुढे सरकत वाकडा कुंभा शोधला, त्याच्या पलीकडे बुडाशी दुसरं पान ठेवलं. मागे न बघता परत आले.

मग दसऱ्यापासून तोड सुरू झाली. स्टुडिओतले दोघे मित्र सुट्टीच्या दिवशी यायचे. घाणेरी उपटली, करवंदी जाळल्या, झाडं पाडली. थंडीत पाडलेलं लाकूड, सालीखालून कसं निघायचं सांगू, सायीसारखं. ओंडके सोलून सावलीत रचले. काळ्या दगडाचं जोतं घातलं आणि माघात पहिली ओळ बसली. भावोजींनी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. म्हणाले, नलीचा आधी.

मी एकदा जाऊन आलो होतो. खोटं नाही सांगत, डोळे निवले. ओंडक्याला ओंडका असा बसला होता की मधे नख जाऊ नये.

ठरलं असं की पाडव्याला तिथं गुढी उभारायची. आणि गुढीखालीच अनूचं उष्टावण. सहा महिने तेव्हा पुरे होत होते. घास भरवायचा मामानं, म्हणजे मी. नली, तुमच्या काकू आणि पोर सकाळी टॅक्सीनं येणार. मी आदल्या संध्याकाळी पुढे जायचं, सामान घेऊन. पंच्याऐंशी सालची फाल्गुनी अमावस्या. गुरुवार होता.

माझ्या पिशवीत काय होतं? तांब्या, खण, साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा. आणि माझ्या आईची चांदीची वाटी. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराचा पहिला घास त्या वाटीतून झालाय. ती फडक्यात बांधून अगदी तळाशी ठेवली होती.

पवईवरून वळसा घेत बसनं बोरिवलीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पुढे चालत. वस्ती संपली, मग रस्ता संपला. भावोजी कंदील घेऊन पुढे आले.

"अण्णा, इलात? येवा, येवा."

मी ओळखलंच नाही त्यांना पहिल्यांदा. गालांची हाडं वर आलेली. पोट मात्र सुटलेलं. आणि तोंडाला वास.

"बरं नाही का?"

"बरा असा की. काम पडता जास्त."

"मित्र कुठे गेले तुमचे?"

"येनत नाय ते. म्हणतत, हय जेवण टिकत नाय." आणि हसले.

भिंती पुऱ्या छातीएवढ्या झाल्या होत्या. स्वयंपाकघराच्या तर पार डोक्यावर गेल्या होत्या, वर ताडपत्री बांधली होती. मी चौकटीतून आत पाय टाकला आणि तो वास आला.

लग्नघरात दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला उष्ट्या पत्रावळींचा ढीग असतो ना? वर माश्या, खाली पाणी सुटलेलं? तो वास. ताज्या लाकडाचा वास यायला हवा होता. तो नव्हताच.

मी भिंतीला हात लावला. हात चिकटला. डांबर नव्हतं रे, विद्या, डांबर मला कळत नाही होय? हे तूप होतं. म्हणजे तुपासारखं. जेवलेला हात न धुता कुणी भिंतीला पुसावा, पुन्हा पुसावा, रोज पुसावा, तसं. बोटांचे फराटे दिसत होते ओंडक्यांवर. खालपासून... पार वरपर्यंत.

मी हात धोतराला पुसला. धोतर टाकून दिलं नंतर.

मग कोपरा बघितला. तिथं ओंडक्यावर, जमिनीपासून हात-दीड हात वर, एक डाग होता. काळपट, तेलकट, गोल. असा डाग तुम्ही पाहिला असेल. आमच्या आजोबांच्या बसायच्या जागेमागे होता. म्हातारा माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बसून जेवतो, जेवून डोकं मागे टेकतो, मग डोक्याचं तेल भिंतीत मुरतं. पण त्याला वीस वर्षं जातात. ही भिंत दीड महिन्याची.

डागात एक केस चिकटला होता. जाड. पिवळा.

"भावोजी, इथं कोण बसतं?"

"कोण नाय."

"मग हे काय?"

ते खाली बघून बोलायला लागले. रंधा मारला म्हणाले. दोनदा मारला. दुसऱ्या सकाळी डाग परत. आणि रंध्याच्या पात्याला भुसा लागायच्या ऐवजी काहीतरी मऊ लागायचं. लोण्यासारखं. त्याला कोंबडीच्या आतड्याचा वास यायचा.

मी म्हटलं, "उद्या इथं पोरीला आणायचं नाही. आत्ताच परत जाऊ, नलीला सांगू."

तर हा माणूस, आयुष्यात जो मला कधी उलट शब्द बोलला नाही, तो उसळला. "खय न्हेव तिका? परत त्या खोलीत? माझा ह्या एकच घर खरा असा, अण्णा! एकच!"

आणि रडायला लागले. एवढ्या रात्री जंगलातून जायचं कसं, हाही प्रश्न होता. म्हटलं, सकाळ होऊ दे, उजेडात समजावू.

त्यांनी कुळथाची पिठी केली होती, भात केला होता. माझ्यासमोर चुलीवर उकळली पिठी. माझ्यासमोर उतरवली. आणि डाव घालून वाढायला घेतली तर... तार. डाव वर उचलला तशी तार लांबत गेली. तुटेचना. वर पांढरी बुरशी धरायला लागली, बघता बघता. भातातून पाणी सुटलं. आंबट, कुजका भपकारा.

मी तोंड फिरवलं. पलीकडे आवाज आला, भुरक्याचा. वळून बघतो, तर भावोजी जेवत होते. तीच पिठी. ताट वर करून पीत होते. तार हनुवटीवर आली ती बोटानं तोंडात सरकवली.

"सवय झाली, अण्णा," म्हणाले.

तुम्हांला सांगतो, पुढं जे झालं त्याच्यापेक्षा मला त्या क्षणाची जास्त किळस आहे. अजून आहे. माझ्या बहिणीचा नवरा. स्वच्छतेचं वेड असलेला माणूस.

मी न जेवता बाहेर पडवीच्या जागेत आडवा झालो. पिशवी उशाशी घेतली. भावोजी बाजूला. चंद्र नव्हता. डोंगरावरून भेकराचं भुंकणं दोनदा ऐकू आलं, मग तेही बंद झालं. कंदील बारीक करून ठेवला होता.

झोप लागली होती बहुतेक. कारण जाग आली.

आत कुणीतरी जेवत होतं.

मांजर नाही. कोल्हा नाही. जनावर असं जेवत नाही. हे माणसाचं जेवणं. भात कालवायचा आवाज. मचमच. भुरका. मग बोटं चाटायची. एक एक बोट, शेवटी पच्च. मग ढेकर. लांब, ओला. आणि भिंतीला हात पुसल्याचा आवाज... सर्र.

मी भावोजींना हलवलं. ते जागेच होते.

"रोज येता," हळूच म्हणाले. "खाता, बसता. आपणाक काय करणा नाय."

"किती दिवस?"

"चूल मांडल्यापासून."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी विचारलं, "भावोजी, शिवेबाहेरचं पान कुठं ठेवलं होतं?"

"कुंभ्याच्या पलीकडे. वाकड्या कुंभ्याच्या."

"कुठला कुंभा? तो शिवेवरचा? तो तर पार तिकडे, ओढ्याला लागून उभा आहे. मागच्या खेपेला मी पाहिला."

ते उठून बसले.

"तुम्ही तेव्हा जाळ्यांतून ओढ्यापर्यंत पोचला होता?"

आत मचमच चालू होती.

"अण्णा..." ते म्हणाले, "हयसर पण एक कुंभो होतो. वाकडोच. मीच पाडलंय तो. माका वाटला..."

"त्याचा खुंट कुठंय?"

त्यांनी हात वर केला. बोट स्वयंपाकघराकडे होतं.

कोपऱ्याकडे. डागाखाली.

कळलं ना, पोरांनो? गच्च रानात शीव दिसली नाही. पहिला वाकडा कुंभा दिसला तोच शिवेचा समजून त्यांनी बाहेरचं पान ठेवलं. ते पडलं आपल्या जागेच्या मधोमध. मग रान तोडलं, तो कुंभा तोडला, आणि त्याच जागेवर घर धरलं. जे दारात यायला नको, त्याला घरात पान वाढलं होतं. त्यानं कुठल्या वाटेनं जायचं? त्याची जागाच ती.

आतलं खाणं थांबलं.

थांबलं म्हणजे... ऐकत होतं.

मग आवाज आला. तोंड भरलेलं असताना माणूस बोलतो तसा. घास गालात धरून.

"वाढ."

मी भावोजींचा दंड धरला. ते उठत होते. मी ओढलं. त्यांनी सोडवून घेतलं.

"पानावर बसलेल्याक नाय कसा म्हणतलात, अण्णा?" ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

कंदील उचलला. भाताचं पातेलं उचललं. आत गेले.

मी पिशवी खांद्याला अडकवून मागे गेलो. जायला नको होतं. गेलो.

कोपऱ्यात कुणी नव्हतं. नुसता डाग. ओला. कंदिलाच्या उजेडात चकाकत होता. त्याच्याखाली एक पान मांडलं होतं. मोठं, केळीचं. तिथं केळ नाही कुठं. पानावर भात होता, पण... चावलेला. चावून परत ठेवलेला. लाळेत.

भावोजी वाकले. डाव पातेल्यात घातला.

आणि तसेच राहिले.

मोठ्या पानाच्या शेजारी... लहान पान होतं.

एवढंसं. लहान मुलाला मांडतात तसं. स्वच्छ. पुसलेलं. रांगोळीची रेघसुद्धा होती त्याच्याभोवती. आणि त्याच्यावर...

माझ्या आईची वाटी.

पिशवी माझ्या खांद्यावर होती. गाठ तशीच.

भावोजींच्या हातून पातेलं पडलं. "नाय," म्हणाले. "नाय. तिका नाय." त्यांनी वाटीवर झडप घातली. वाटी उचलेना. जोर लावला. मला दिसलं, वाटी दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरली आहे. बोटं दिसली नाहीत. बोटांखालचा ओलावा दिसला. चांदीवरून ओघळत होता... खाली, त्यांच्या मनगटावर.

मग सुटली.

आम्ही पळालो. कंदील तिथंच. करवंदीच्या खुंटांनी पाय फाटले. मागून कुणी आलं नाही. फक्त ढेकर आला. आणि मग हसल्यासारखं काहीतरी. पोट भरल्यावर माणूस हसतो तसं.

पहाटे हमरस्त्यावर एक दुधाची गाडी मिळाली. घरी पोचलो तेव्हा नली न्हाऊन, पोरीला झबलं घालून, टॅक्सीची वाट बघत उभी होती.

भावोजींनी पोरीला घेतलं, छातीशी धरलं. त्या घरी ते पुन्हा कधी गेले नाहीत. अजून भिंती उभ्या आहेत म्हणतात. वर वेल चढलेत. आज परत स्टुडिओत खोटी घरं बांधतात. पोरगी वाचली. एवढंच मागितलं होतं.

उष्टावण? झालं की. मुहूर्त चुकवायचा नव्हता. इथंच केलं, आमच्या स्वयंपाकघरात. भावोजींनी वाटी मुठीत धरून आणली होती. बोटं उघडून काढावी लागली. तुमच्या काकूंनी चिंच लावून, राखेनं घासून लख्ख केली. माझी आई तेव्हा होती, ती म्हणाली, चांदीला विटाळ नसतो. त्याच वाटीतून भरवला मी घास. पोरीनं कसा मिटक्या मारत खाल्ला! सहा महिन्यांची पोर, पण शेवटी बोटंसुद्धा चाटली...

*

अण्णा तिथंच थांबले. एकदम.

"मग पुढे?" विद्याधरनं विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

अण्णा उठून कठड्याशी गेले.

पेल्यांतलं दूध गार झालं होतं. प्रत्येक पेल्यावर पिवळट साय धरली होती, सुरकुतलेली. रतननं पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. कुणीच प्यायलं नाही. मी पेले गोळा केले, दूध पातेल्यात ओतलं. साय भांड्याच्या काठाला चिकटून खाली लोंबली.

पातेलं ठेवायला मी खाली अण्णांच्या स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला. पलीकडच्या खोलीत अनू चादर ओढून झोपली होती. पाट भिंतीशीच होता.

पंख्याचा वारा लागून ते कॅलेंडर खिळ्यावरून निसटलं होतं आणि पाटावर पालथं पडलं होतं. मी उचललं. त्याची मागची पानं तेल पिऊन पारदर्शक झाली होती. पुसायला पदर घेतला, आणि नजर भिंतीवर गेली.

पाचच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, त्या भिंतीला रंग दिला होता. मीच वहिनींना रंग निवडून दिला होता, फिका निळा.

त्या निळ्यावर एक लहान तेलकट गोल डाग होता, अनूच्या डोक्याच्या उंचीला.

आणि त्याला खेटून एक मोठा.